किशोरवयीनांसाठी गर्भनिरोधन सेवा

प्राथमिक आरोग्य केंद्रांतून १० ते १९ वयोगटाला दिला जाणारा गर्भनिरोधनविषयक सल्ला व साधने. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. किशोरांचा व्यापक विचार राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१४) झाला. महाराष्ट्रात त्याची सल्ला केंद्रे ‘मैत्री’ नावाने चालतात. नागपूरच्या कळमन्यासारख्या वस्त्यांसाठी नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र व आशा सेविका ही पहिली पायरी (→ राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान).

निरोध, माला-एन, छाया गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा), दर तीन महिन्यांनी अंतरा इंजेक्शन आणि तांबी ही साधने सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार केवळ कमी वय हे साधन नाकारण्याचे कारण नव्हे; अठराखालील मुलीला अंतरा देताना मात्र अस्थिघनतेचा विचार करतात.

खरा पेच कायद्याचा आहे. पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) अठराखालील व्यक्तीची लैंगिक संबंधांना संमती ग्राह्य नसते आणि कलम १९ प्रमाणे अशा संबंधांची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी त्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले (→ गर्भपात, बालविवाह).