गंदमकची काच

जॉन बर्कचे फोटो मी डार्करूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेला माणूस म्हणून पाहतो. 1878 साली दुसरं इंग्रज-अफगाण युद्ध पेटलं आणि हा आयरिश फोटोग्राफर पेशावरकडून निघालेल्या फौजेबरोबर खैबर खिंडीत शिरला. मोबदल्यावरून सरकारशी जमलं नाही, तेव्हा पदरमोड करून गेला.

फिल्म नव्हतीच. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घेऊन काळ्या तंबूत धुवायची. थर वाळला की काच फुकट. त्यात तिथली धूळ! एक्स्पोजरला काही सेकंद लागत, म्हणून या फोटोंत उधळलेला घोडा नाही, चालू लढाई नाही. आहेत ते डोंगर, छावण्या आणि ‘हलू नका’ म्हणून बजावलेली माणसं.

मे 1879चा, अफगाणिस्तानातल्या गंदमक गावचा फोटो मी भिंगाखाली पुन्हा पुन्हा बघतो. मधोमध अफगाणिस्तानचा अमीर याकूब खान, शेजारी इंग्रजांचा वकील कॅव्हान्यारी. 26 मे रोजी तिथेच दोघांत तह झाला, अफगाण परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती गेले. मला तरी कुणाच्या चेहऱ्यावर समाधान दिसत नाही. 3 सप्टेंबरला काबूलमध्ये कॅव्हान्यारी मारला गेला. पुढे याकूब खानालाही गादी सोडून हिंदुस्थानात यावं लागलं.

बर्क फौजेच्या बाजूनेच उभा होता, त्याची गिऱ्हाइकंही बहुतेक इंग्रजच. तरीही लढाईच्या कुठल्याही रंगवलेल्या चित्रापेक्षा त्याचा हा फोटो मला त्या युद्धाचा अधिक खरा पुरावा वाटतो.