तिसरी ओळ काढली की काय होतं?

परवा ऑफिसात एका नवीन मुलीने हाक मारली. "सर, दोन मिनिटं येता का? मी यादीतली तिसरी ओळ काढते. नाव बरोबर जातं, पण त्याच्यापुढे टाइप केलेला शेरा जात नाही. तो चौथ्या माणसापुढे जाऊन बसतो!"

मी स्क्रीनकडे पाहिलं आणि एकदम २००४ साली जाऊन पोचलो.

तेव्हा मी एका छोट्या कंपनीत होतो. एका कारखान्यासाठी ओव्हरटाइम नोंदवायचं वेबपेज केलं होतं. बटण दाबलं की टेबलात नवी ओळ, फुली दाबली की ओळ गायब. मला भारी अभिमान! प्रत्येक ओळीतल्या खोक्याला मी नाव दिलं होतं: तास१, तास२, तास३... एके दिवशी तिथल्या टाइमकीपरनी पाच ओळी भरल्या, तिसरी चुकली म्हणून काढली आणि सेव्ह केलं. सर्व्हरला कळलं, ओळी चार. त्याने तास१ ते तास४ वाचलं. तास३ सापडलंच नाही, आणि तास५ कडे तो फिरकलाच नाही. पाचव्या ओळीतल्या कामगाराचा ओव्हरटाइम त्या महिन्याच्या पगारात आला नाही.

टाइमकीपरांचा फोन आला, "साहेब, तुमचा कॉम्प्युटर माणसं खातोय." मी जाऊन चूक समजावून सांगितली, तर ते म्हणाले, "यादीतला नंबर कशाला धरता? तो रोज बदलतो. टोकन नंबर धरा की!" त्यांच्या मस्टरमध्ये सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर लाल रेघ होती, पण त्याचं टोकन दुसऱ्या कुणाला दिलेलं नव्हतं.

आता वाटतं, ही चूक माझ्या एकट्याची नव्हती. वेबवरच्या टेबलाची जडणघडणच तशी आहे. सुरुवातीच्या एचटीएमएलमध्ये टेबल नव्हतंच. १९९५ मध्ये नेटस्केप १.१ ने ते दाखवायला सुरुवात केली आणि जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये त्याला अधिकृत जागा मिळाली. पण ते छापील तक्त्यासारखं होतं. एक ओळ वाढवायची तर अख्खं पान सर्व्हरकडून पुन्हा आणा. ऑक्टोबर १९९८ मध्ये डॉमचं पहिलं प्रमाण ठरलं, त्यात ओळ घालायची आणि काढायची सोय आली: इन्सर्टरो आणि डिलीटरो. दोघांनाही काय सांगायचं? कितवी ओळ! कोणाची ओळ, हे विचारायची पद्धतच नाही.

शिवाय ओळींची ती यादी जिवंत असते. पहिली काढली की दुसरी लगेच पहिली होते. वरून खाली काढत गेलात तर एकाआड एक ओळी शिल्लक राहतात. म्हणून आम्ही खालून वर काढायला शिकलो. इंटरनेट एक्स्प्लोररचे हाल तर विचारूच नका. नववी आवृत्ती येईपर्यंत, आणि तिच्यातही, टेबलाचं इनरएचटीएमएल फक्त वाचता यायचं. लिहायला गेलं की एरर!

२००६ मध्ये जेक्वेरी आली आणि जीव भांड्यात पडला. तरी नव्या ओळीतलं बटण मुकंच राहायचं, कारण क्लिक ऐकणारा कोड जुन्या ओळींनाच बांधलेला असायचा. प्रत्येक ओळीपाशी न थांबता टेबलापाशी थांबून ऐकायचं, हा त्यावरचा उपाय २००९ च्या 'लाइव्ह'ने आणि पुढे २०११ च्या 'ऑन'ने सोपा केला.

मे २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट आलं आणि त्याने मात्र नेमका टाइमकीपरांचा प्रश्न विचारला: प्रत्येक ओळीची 'की' सांगा, म्हणजे ओळख सांगा. ती दिली नाही तर कन्सोलवर तक्रार येते. मग ती तक्रार बंद करायला आपण काय करतो? ओळीचा क्रमांकच की म्हणून देऊन मोकळे होतो! मग पाचातली तिसरी काढली की रिअ‍ॅक्टला वाटतं, शेवटची गेली. ते शेवटची ओळ पुसतं, वरच्या ओळींतली नावं बदलतं, आणि खोक्यात टाइप केलेला मजकूर जिथल्या तिथे राहतो. त्या मुलीचं हेच झालं होतं.

"प्रत्येकाचा एम्प्लॉयी नंबर आहे ना? तो दे," मी म्हटलं. एक शब्द बदलला, चूक गेली. "एवढंच?" ती हसली.

एवढंच. त्या कामगाराचे पैसे पुढच्या पगारात मिळाले, पण मधला महिना त्याने कसा काढला ते मी विचारलं नाही. टाइमकीपरांनी त्याचं नावही सांगितलं होतं, टोकन नंबरही. आज दोन्ही आठवत नाहीत. पाचवी ओळ, एवढंच आठवतं.