नारळाच्या कुस्तीपासून गदेपर्यंत



आज आम्ही कुस्तीचा इतिहास सांगणार आहोत. बायकांच्या कार्यक्रमात कुस्ती कशाला, असं काहीजणींना वाटेल. पण आपल्या सातारा-सांगलीत घरात एक पैलवान असला की म्हशीचं दूध आधी त्याच्याकडे जायचं, तूप-बदामाचा खर्च निघायचा, आणि उरलेल्यात घर चालवायचं काम बाईकडे यायचं. म्हणून हा इतिहास आपलाही आहे.

पूर्वी कुस्तीचं वेळापत्रक म्हणजे गावोगावच्या जत्रा. पालखी झाली की मैदान भरायचं. त्यासाठी घरटी वर्गणी निघायची. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागायच्या, मग चढत्या इनामाच्या, आणि शेवटी मोठी जोड. वजनकाटा नव्हता. जोड तोलामोलाची आहे का, हे जाणती माणसं नजरेनं ठरवायची. पाठ टेकली की निकाल. पलूस तालुक्यातल्या कुंडलचं मैदान आजही नावाजलेलं आहे.

या मातीतलाच एक मुलगा जगापुढे गेला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. आयुष्य मातीत घालवलेल्या या पैलवानाला तिथं गादीवर, म्हणजे मॅटवर, खेळावं लागलं. पुढचं ऑलिंपिक 1952 साली हेलसिंकीला होतं. जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूनं मिळवून दिलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. कराडला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आता राज्याचा क्रीडा दिन म्हणून पाळतात.

जत्रेतल्या कुस्तीला शिस्त यावी म्हणून मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकारानं 1953 साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली. वजनगट, पंच, गुण आणि वेळ ठरली. जिल्ह्यातून निवड होऊन राज्याला जायची रीत पडली. 1961 साली औरंगाबादला पहिला 'महाराष्ट्र केसरी' ठरला, तो आपल्या सांगलीचा. दिनकर दह्यारी त्यांचं नाव. पुढे या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग झाले. दोन्हींतले विजेते शेवटी एकमेकांशी लढतात आणि जिंकेल त्याच्या खांद्यावर गदा येते. 2022 साली ही स्पर्धा साताऱ्यात झाली.

त्याच काळात शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर 1960 साली, तर कवठेपिरानचे मारुती माने 1964 साली हिंदकेसरी झाले. दोघांनीही 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं.

या सगळ्यात बाई कुठं होती? तालमीच्या दाराबाहेर. आत मारुतीचं ठाणं, म्हणून बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, असा रिवाज होता. हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळतात. त्यातलं ताक घुसळलेलं आपल्या हातचं, पण पाय ठेवायचा नाही! उत्तर प्रदेशची हमिदा बानू 1954 साली बडोद्यात पुरुष पैलवानाला दीड मिनिटाच्या आसपास हरवून गेली. पण पुण्यात तिची ठरलेली कुस्ती कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे झाली नाही.

ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती 2004 साली आली. 2016 साली साक्षी मलिकनं भारताला महिला कुस्तीतलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. त्यानंतरही महिला महाराष्ट्र केसरीसाठी सात वर्षं गेली. मार्च 2023 मध्ये ही स्पर्धा पहिल्यांदा भरली, तीही सांगलीत. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला चितपट करून पहिली गदा घेतली. पुरुषांचा पहिला केसरी सांगलीचा आणि महिलांची पहिली केसरीही सांगलीची. पण मधे बासष्ट वर्षं गेली.

याचा आनंद मानायचाच. पण त्याच 2023 च्या जानेवारीत देशातल्या नामवंत महिला पैलवान दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या होत्या. राष्ट्रीय कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी त्या मांडत होत्या. पदकं मिळवलेल्या मुलींना रस्त्यावर बसावं लागलं, तर आपल्या गावच्या पंधरा वर्षांच्या पोरीनं आपलं दुखणं सांगायचं कुणाला?

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत आपण काही गोष्टी बोलूया. गावची किंवा जवळची तालीम मुलींना घेते का? तिथं कपडे बदलायला आडोसा आणि स्वच्छतागृह आहे का? सराव चालू असताना एखादी मोठी बाई तिथं असते का? बाहेरगावच्या स्पर्धेला मुली जातात तेव्हा सोबत कोण जातं, रात्री मुक्काम कुठं असतो? हे विचारायला कुस्ती यावी लागत नाही. वस्ताद चांगला असेल तर त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही.

आणि एक प्रश्न घरातला. भावाला दोन पेले दूध आणि बहिणीला चहा, हे आपल्याच हातानं होतं. मुलगी शड्डू ठोकत असो वा नुसती शाळेला सायकल मारत असो, तिचं अंग वाढीचं असतं. गावच्या जत्रेत वर्गणी देताना मुलींच्या कुस्त्याही लावा, असं यात्रा समितीला सांगा. वर्गणी आपल्याही घरातून जाते, तेव्हा एवढं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. सुरुवातीला नारळावरची एकच जोड लागली तरी चालेल.