घरांतील डांस, माशा व धुरी

दिवेलागणीच्या सुमारास उंबऱ्याशीं शेगडी ठेवून तींत कडूनिंबाचा पाला, ऊद किंवा गुग्गुळ टाकण्याची चाल महाराष्ट्रांत पुष्कळ घरीं होती व कोठें कोठें अद्यापि आहे. या चालीचें मूळ शोधूं लागलें कीं एक विधान हटकून कानांवर येतें. तें असें कीं, डांसांपासून हिंवताप होतो हें आमच्या प्राचीन वैद्यांस ठाऊक होतें व म्हणूनच त्यांनीं धुरी सांगितली. आधाराला सुश्रुताचें नांव घेतलें जातें. स्थळ मात्र क्वचितच दिलें जातें. तीं स्थळें आम्हीं काढून पाहिलीं. त्यांतून जें निघालें तें या विधानाहून वेगळें आहे, आणि आमच्या मतें अधिक मोलाचें आहे.

प्रथम शब्दांचा घोळ उलगडला पाहिजे. मराठींतील 'डांस' हा संस्कृत 'दंश' शब्दापासून आलेला. परंतु अमरकोशांत दंश म्हणजे रानमाशी. आपण ज्यास डांस म्हणतों तो संस्कृतांत मशक. भिक्षूनें चीवर कशाकरितां वापरावें हें सांगतांना पाली ग्रंथांत डंस व मकस अशीं दोन नांवें शेजारीं शेजारीं येतात, यावरून हे दोन प्राणी निराळे मानले जात हें उघड आहे. मराठीनें एकाचें नांव दुसऱ्यास दिलें. तेव्हां पोथींत 'दंश' दिसतांच डांस समजणें धोक्याचें आहे.

आतां सुश्रुत. कल्पस्थानाच्या ८ व्या अध्यायांत त्यानें मशकांचे सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण व पार्वतीय असे पांच प्रकार दिले आहेत. त्यांच्या दंशाचीं लक्षणें म्हणून तीव्र कंड व सूज एवढेंच सांगितलें आहे. पार्वतीय मशक तेवढा प्राणघातक कीटांच्या पंक्तीस बसविला आहे. वरील विधानाची सारी इमारत या एका पार्वतीयावर उभी आहे! उत्तरतंत्राच्या ३९ व्या अध्यायांत ज्वराचीं कारणें मोजलीं आहेत. तेथें अजीर्ण, श्रम, शोक, विष, इतकेंच काय, वनस्पतींचा व फुलांचा गंधही आहे. मशकाचें नांव नाहीं. पाळीनें येणाऱ्या तापाचें, म्हणजे विषमज्वराचें, विवेचन याच अध्यायांत आहे. (आज मराठींत हें नांव टायफॉइडकडे गेलें आहे, त्यामुळेंही वाचणारा फसतो.) हिंवताप व डांस यांची सांगड रोनाल्ड रॉस यानें २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें डांसाच्या जठरांत रोगबीज पाहिलें तेव्हां बसूं लागली. तो मान सुश्रुतास देण्यानें सुश्रुत मोठा होत नाहीं.

मग धुरी कशासाठीं? सूत्रस्थानाच्या १९ व्या अध्यायांत मोहरी, कडूनिंबाचीं पानें, तूप व मीठ यांची धुरी व्रणिताच्या ठिकाणीं दिवसांतून दोनदां, दहा दिवस करावी असें आहे. परंतु तेथील भय निशाचरांचें आहे, डांसांचें नव्हे. धुरीनें डांसही पळत असतील. तो लाभ वैद्यानें नोंदलेला नाहीं, आणि न नोंदलेलें त्याच्या पदरीं घालण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

याउलट जेथें खरें निरीक्षण आहे तिकडे कोणी फारसें पाहत नाहीं. व्रणावर माशी बसून कृमि टाकते व त्यामुळें सूज व वेदना होते, हें सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत स्वच्छ सांगितलें आहे. चरकाच्या शारीरस्थानाचा ८ वा अध्याय तर आमच्या विषयाची खाणच होय. नवजात बालकाची खोली कशी असावी हें सांगतांना तो ती उजेडाची, मजबूत, आणि श्वापदें, उंदीर व पतंग यांपासून मुक्त असावी असें म्हणतो. हा पतंग म्हणजे घरांत शिरणारे उडते किडेच. पुढें अंथरुणा-पांघरुणांचा विचार आहे: घाम, मळ वा जंतु असलेलीं वस्त्रें टाकून द्यावीं, दुसरीं नसल्यास तींच चांगलीं धुऊन, धुरी देऊन, सुकवून घ्यावीं. धुरीच्या द्रव्यांत जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड व सापाची कात हीं असून सर्वांस तूप लावावयाचें. जंतु व धुरी हीं एकाच विचारांत आलेलीं येथें दिसतात. बाळंतिणीच्या खोलींत ओवा, शेपा व लसणाच्या सालींची धुरी देणाऱ्या आजीबाईस चरक ठाऊक नसतो. चाल मात्र एकाच घराण्याची.

धूर न करणारांसाठीं पडदा व पंखा होता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गांत डांसांनीं त्रासलेल्या भिक्षूंस मकसकुटिका, म्हणजे मच्छरदाणी, वापरण्याची मोकळीक दिली आहे, व डांस वारण्याचा पंखाही मान्य केला आहे. चवरी मात्र नको. साल, वाळा किंवा मोरपिसें यांचे पंखे चालतील. हिंदींतील 'मसहरी' शब्दांत तो मशक अजून टिकून आहे.

या सर्वाचा आपल्या संग्रहांशीं संबंध आहे. वैद्यकाच्या बाडांत धुरीचे पाठ पुष्कळ असतात, पण सनदा, महजर व वंशावळी यांच्या शोधांत असलेला संग्राहक तीं पानें किरकोळ म्हणून बाजूस सारतो. मग तीं रुमालाबाहेर पडून कोणत्या घरचीं होतीं हेंही कळत नाहीं. कोणत्या प्रांतांत कोणतें द्रव्य वापरीत, कोणतें गळालें, कोणतें मागाहून शिरलें, हें ठरविण्यास तींच पानें उपयोगीं. तीं ज्या रुमालांत निघालीं त्याच रुमालांत ठेवून यादींत त्यांची एक ओळ घालावी. रुमाल बांधतांना कसरीच्या भयानें वेखंडाची पुरचुंडी आपण आंत ठेवतोंच. तें वेखंड चरकाच्या यादींतलेंच आहे. दप्तराच्या खोलींत धुरी मात्र करूं नये. काजळी कागदावर बसली म्हणजे पुसतां येत नाहीं, आणि फिकट शाईचें अक्षर प्रथम जातें.