छायाचित्र आणि कागद यांच्यामधला दुभाषा

गेल्या जून महिन्यात सातारा जिल्ह्यातल्या एका ओळखीच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. गावातल्या एका फोटो स्टुडिओने धंदा आवरता घेताना आपला छोटा फोटो-प्रिंटर शाळेला देऊन टाकला होता. चार बाय सहा इंचाचे फोटो छापणारे चालू स्थितीतले यंत्र आणि सोबत रंगफितींची दोन न उघडलेली खोकी. ओळखपत्रांचे फोटो शाळेतच निघतील म्हणून सगळे खूश होते. पण शाळेच्या नव्या संगणकाला प्रिंटर जोडला, तर संगणक त्याला ओळखेना. त्या यंत्रासाठी कंपनीने तयार केलेला शेवटचा ड्रायव्हर जुन्या विंडोजपुरताच होता. नव्यासाठी तो पुन्हा काढलाच नव्हता. "सर, यंत्र ठणठणीत आहे आणि तरीही भंगार आहे, हे कसं?" असे त्यांनी विचारले.

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर ड्रायव्हर नेमके काय करतो, आणि त्याच्या पोटातले ज्ञान आजवर कोणाकडे राहिले, हे दोन्ही पाहावे लागेल. ड्रायव्हरला काही जण मराठीत 'चालक' म्हणतात. मला 'दुभाषा' हा शब्द अधिक नेमका वाटतो. संगणकाजवळ चित्र असते ते आकड्यांच्या रूपात; प्रिंटरला कळतात त्या फक्त आज्ञा. अमुक छिद्रातून शाईचा थेंब टाक, अमुक बिंदू इतका तापव, कागद इतका पुढे सरकव. या दोन भाषांमधला अनुवाद म्हणजे ड्रायव्हर.

हा अनुवाद अवघड का आहे, ते संगणकाच्या कितीतरी आधीच्या छपाईत दिसते. छपाईची शाई एकतर कागदावर लागते किंवा लागत नाही. अर्धी काळी अशी शाई नसते. मग छायाचित्रातल्या करड्या छटा छापायच्या कशा? इंग्लंडमध्ये फॉक्स टॅलबटने १८५२ साली घेतलेल्या एकस्वात जाळीदार कापडातून प्रकाश पाठवून चित्राचे बारीक तुकडे करण्याची कल्पना आहे. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक' या दैनिकात त्या तत्त्वावर छायाचित्र छापले गेले. गडद जागी मोठे ठिपके आणि फिक्या जागी लहान, म्हणजे डोळा लांबून त्यांची सरासरी काढतो. जुन्या छापखान्यांत ज्याला हाफटोन ब्लॉक म्हणत, तो हाच.

या इतिहासात एका भारतीयाचे नाव येते, आणि ते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी म्हणजे सत्यजित राय यांचे आजोबा. मुलांसाठीच्या त्यांच्या पुस्तकातली चित्रे छपाईत बिघडली, म्हणून त्यांनी विलायतेहून साधने मागवली आणि १८९५ साली स्वतःचा ब्लॉक करण्याचा व्यवसाय सुरू केला. जाळीचा पडदा आणि काच यांमधले अंतर, भिंगापुढच्या छिद्राचा आकार आणि उमटणारा ठिपका यांचा गणिती संबंध त्यांनी शोधला. १८९७ पासून त्यांचे लेख 'पेनरोज ॲन्युअल' या छपाईच्या नामांकित ब्रिटिश वार्षिकात येत होते. ठिपका नशिबाने पडत नाही, त्याचा हिशेब मांडता येतो, हे त्यांनी दाखवले.

संगणकाने हा हिशेब काचेकडून काढून आकड्यांकडे नेला. १९७३ साली कोडॅकमधील ब्राइस बायर यांनी एक पद्धत मांडली. त्यांनी उंबरठ्यांचा एक ठरावीक चौकोनी तक्ता घेतला आणि चित्राच्या प्रत्येक बिंदूची तुलना तक्त्यातल्या आकड्याशी करून ठिपका टाकायचा की नाही ते ठरवले. (आज बहुतेक मोबाइल कॅमेऱ्यांत असणारी लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांची रचना याच बायर यांची.) १९७६ साली रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी आणखी सुंदर युक्ती काढली. ती वर्गात आलेख-कागदावर करून पाहण्यासारखी आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

एसटीच्या कंडक्टरकडे सुटे नसले की तो उरलेले पैसे तिकिटामागे लिहून देतो. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी तसेच केले. समजा, ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. एका बिंदूची छटा १०० आहे. आपल्याकडे फक्त काळे आणि पांढरे, म्हणून तो काळा करायचा. पण त्यामुळे १०० इतका उजेड बुडाला. तो शेजाऱ्यांच्या नावे लिहायचा. उजवीकडच्या बिंदूला १६ पैकी ७ भाग, खालच्याला ५, खाली डावीकडच्याला ३ आणि खाली उजवीकडच्याला १. म्हणजे साधारण ४४, ३१, १९ आणि ६. बेरीज १००. शेजारच्या बिंदूची मूळ छटाही १०० असेल, तर ती आता १४४ झाली. ही अर्ध्यापेक्षा जास्त, म्हणून तो पांढरा. यात मात्र १११ इतका उजेड जास्त दिला गेला, तो पुढच्यांकडून त्याच प्रमाणात वजा करायचा. असे ओळीमागून ओळ करत गेले की कुठेही उधारी साचत नाही आणि सरासरी छटा राखली जाते. मुलांना अपूर्णांकांचा याहून चांगला सराव मी तरी पाहिलेला नाही.

आता प्रिंटरकडे येऊ. १९८० च्या दशकातल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये इंग्रजी अक्षरे यंत्रातच कोरलेली असत. 'ए'चा क्रमांक पाठवला की 'ए' उमटे. देवनागरी त्यात नव्हती. ती छापायची तर प्रत्येक अक्षर चित्र म्हणून, ठिपक्याठिपक्याने पाठवावे लागे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या 'जिस्ट' तंत्रज्ञानाला ही अडचण सोडवावी लागली. म्हणजे आपल्या लिपीच्या बाबतीत साधे पत्र छापणे हेसुद्धा चित्र छापणेच होते.

त्या काळी प्रत्येक कंपनीच्या प्रिंटरची भाषा वेगळी आणि दुभाषाही प्रत्येक कार्यक्रमाचा वेगळा असे. वर्डस्टारचा ड्रायव्हर लोटसला चालत नसे. या गोंधळावर दोन उपाय निघाले. जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली अडोबी कंपनी काढली आणि १९८४ साली 'पोस्टस्क्रिप्ट' ही पानाचे वर्णन करणारी एकच भाषा आणली. अनुवादाचे काम प्रिंटरनेच करावे, ही त्यामागची कल्पना. ती महाग पडली. १९८५ च्या ॲपल लेसररायटरमधला प्रोसेसर त्याला जोडायच्या मॅकिन्टॉशपेक्षा वेगवान होता आणि प्रिंटरची किंमत ६,९९५ डॉलर होती. दुसरा उपाय स्वस्त होता. संगणकाच्या कार्यप्रणालीनेच सर्व कार्यक्रमांसाठी मिळून एक ड्रायव्हर सांभाळावा. १९९० च्या विंडोज ३.० नंतर हा मार्ग सर्वत्र रुळला. प्रिंटर स्वस्त झाले कारण त्यांची बुद्धी काढून संगणकात ठेवली गेली. शाळेतल्या त्या प्रिंटरचे दुखणे इथून सुरू होते. बुद्धी यंत्राबाहेर असेल तर ती हरवूही शकते.

ती कोणाच्या ताब्यात असावी, हा वाद त्याआधीच पेटला होता. अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना जावी, अशी सुधारणा त्यांनी त्याच्या कार्यक्रमात केली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला. त्याच्या कार्यक्रमाचा मूळ मजकूर मात्र मिळाला नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो होता, पण गुप्ततेच्या करारावर सही केल्यामुळे त्याने देण्यास नकार दिला. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त कार्यप्रणालीचा 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत हा अनुभव ते स्वतः सांगत आले आहेत. एका अडकलेल्या कागदातून एवढी चळवळ उभी राहिली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ठिणगी तिथली होती.

फोटो-प्रिंटरच्या बाबतीत हे गुपित आणखी खोल गेले. शाई फवारणाऱ्या प्रिंटरमध्ये एचपीच्या १९८४ च्या थिंकजेटला फक्त १२ छिद्रे होती. १९९४ च्या एप्सन स्टायलस कलरने इंचाला ७२० ठिपके गाठले. तरीही एका जागी २५६ छटा दाखवायला १६ गुणिले १६ ठिपक्यांचा चौकोन वापरला, तर इंचात असे ४५ चौकोनच बसतात आणि फोटो जाडाभरडा दिसतो. म्हणून फ्लॉइड-स्टाइनबर्गच्या जातीच्या युक्त्या अटळ ठरल्या. त्याच दशकात पुढे फिका सायन आणि फिका मॅजेंटा अशा दोन शाया वाढल्या. गडद शाईचा एक थेंब कुठे टाकायचा आणि फिकीचे दोन कुठे, चकचकीत कागदाला किती शाई आणि साध्या कागदाला किती, हे सगळे ड्रायव्हर ठरवू लागला. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार चुकीचा निवडला की फोटो ओला चिकट किंवा फिका येतो, त्याचे कारण हेच.

जुलै १९९९ मध्ये रॉबर्ट क्रॉविट्झ या छायाचित्रणाची आवड असलेल्या गृहस्थांनी सहा शायांचा एप्सन प्रिंटर घेतला. लिनक्सवर त्याच्या पूर्ण क्षमतेने छापणारा ड्रायव्हर नव्हता. मायकेल स्वीट यांनी 'गिंप' या चित्रांच्या कार्यक्रमासाठी लिहिलेला छपाईचा भाग त्यांनी हाती घेतला आणि वाढवला. पुढे त्याचेच 'गुटेनप्रिंट' झाले. याच स्वीट यांच्या १९९९ सालच्या 'कप्स' या छपाई व्यवस्थेचा ॲपलने २००२ साली स्वीकार केला. जगभरच्या स्वयंसेवकांनी प्रिंटरकडे जाणारी आकड्यांची ओळ पाहून, तर्काने एकेका आज्ञेचा अर्थ लावून शेकडो यंत्रांचे ज्ञान गुटेनप्रिंटमध्ये साठवले.

शाळेतला प्रिंटर शाई फवारणारा नव्हता. तो रंगफितीचा, ज्याला 'डाय सब्लिमेशन' म्हणतात तसा होता. भिंगाने पाहिले तर याच्या फोटोत ठिपके दिसत नाहीत. फितीवर पिवळा, मॅजेंटा, सायन आणि संरक्षक थर असे पट्टे ओळीने असतात. कागद चार वेळा फितीखालून जातो आणि शेकडो सूक्ष्म तापक रंग कागदावर उतरवतात. जितकी उष्णता जास्त, तितका रंग जास्त. म्हणजे इथे 'अर्धा काळा' खरोखरच शक्य असतो. नावात संप्लवन असले तरी रंग मुख्यतः फितीतून कागदाच्या थरात विसरणाने जातो, हे भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी लक्षात ठेवावे. ठिपक्यांचा हिशेब गेला, पण उष्णतेचा आला. आधीच्या ओळीत तापलेला तापक पुढच्या ओळीपर्यंत पूर्ण थंड होत नाही, म्हणून तेवढी उष्णता वजा करावी लागते. काही यंत्रांत ही वजाबाकी संगणकातला ड्रायव्हरच करतो. चार बाय सहा इंच, इंचाला ३०० बिंदू म्हणजे १,२०० गुणिले १,८०० असे २१,६०,००० बिंदू, आणि प्रत्येकाचे तीन रंग!

अलीकडे वारे ड्रायव्हरच्या विरुद्ध वाहत आहे. २०१० साली ॲपलने एअरप्रिंट आणले. प्रिंटरने ठरलेली भाषा समजायची आणि स्वतःची क्षमता स्वतःच सांगायची. २०२१ च्या उन्हाळ्यात विंडोजच्या छपाई व्यवस्थेतली 'प्रिंटनाइटमेअर' ही त्रुटी उघड झाली. ड्रायव्हर बसवण्याच्या वाटेने परक्याला संगणकाचा पूर्ण ताबा घेता येत होता. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे सारण्याचा बेत जाहीर केला. नव्या यंत्रांसाठी हे चांगलेच आहे. पोस्टस्क्रिप्टची जुनी कल्पना स्वस्त प्रोसेसरमुळे परत आली, असे म्हणता येईल. पण ज्या जुन्या यंत्रांना स्वतःची बुद्धीच दिली नव्हती, त्यांना याचा उपयोग नाही.

मुख्याध्यापकांना मी ग्रंथालयातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवायला सांगितले आणि एका रविवारी स्वतः गेलो. गुटेनप्रिंटच्या यादीत त्या प्रिंटरचे नाव होते. पहिल्या खेपेला यंत्राने लाल दिवा लावला आणि काही छापले नाही. ड्रायव्हरमध्ये कागदाचे माप ए-फोर राहिले होते. फितीचे पट्टे ठरावीक मापाचे असल्याने हे यंत्र मापाबाबत तडजोड करत नाही. माप बदलल्यावर कागद चार वेळा आत-बाहेर झाला आणि सातवीतल्या एका मुलीचा चेहरा आधी पिवळा, मग केशरी, मग खरा दिसला.

वापरलेली फीत बाहेर काढल्यावर मुलांना तिच्यावरही तोच चेहरा सापडला, उलट्या छटांत. जिथून रंग गेला तिथे फीत फिकी झाली होती. सगळे ती खिडकीशी धरून पाहू लागले. मुख्याध्यापक मात्र विचारात पडले. शाळेच्या दोनशे मुलांचे चेहरे अशा फितींवर राहणार, त्या कचऱ्यात कशा टाकायच्या? फीत कात्रीने बारीक कापूनच टाकायची, असे ठरले. एका खोक्यातली फीत शंभरेक फोटो देते. तशी दोन खोकी आहेत, आणि तिसरे कुठे मिळेल याचा शोध आम्ही दोघे घेत आहोत.