अकराला दोन मिनिटं कमी

लढाई थांबवायचं ठरलं, सह्यासुद्धा झाल्या, आणि तरी माणसं मरतच राहिली! पहिल्या महायुद्धाची ही शेवटची सकाळ वाचल्यापासून जॉर्ज प्राइस काही डोक्यातून जात नाही.

हा कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातला, जन्म १८९२चा. पुढे दूर सास्कॅचेवानमधल्या मूस जॉ गावी जाऊन राहिला. ऑक्टोबर १९१७मध्ये सक्तीच्या भरतीत सापडला. म्हणजे हौसेनं बंदूक धरलेला नव्हेच.

११ नोव्हेंबर १९१८ला पहाटे पाचच्या सुमारास फ्रान्समध्ये रेल्वेच्या एका डब्यात सह्या झाल्या. अंमल मात्र सकाळी अकरापासून. सगळीकडे निरोप पोचायला वेळ हवा, हे कबूल. पण निरोप पोचला तिथेही बंदुका लगेच खाली ठेवल्या नाहीत. कॅनडाच्या मुख्य ठाण्यावर तर तो साडेसहालाच आला होता.

बेल्जियममधल्या मॉन्स शहराजवळ एका खेड्यात प्राइस आणि त्याचे चार-पाच सोबती कालवा ओलांडून गेले. जर्मन कुठे दडलेत ते बघायला घरं तपासत होते. एका घरातून प्राइस रस्त्यावर आला आणि लपलेल्या बंदूकवाल्याची गोळी त्याला लागली. सोबत्यांनी त्याला आत ओढलं. समोरून एक बाई तशा गोळीबारात रस्ता ओलांडून धावत आली म्हणतात. तिलाही जीव होताच की! पण उपयोग झाला नाही. दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. वय पंचवीस.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वातींनी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हा शब्द घातला आहे. स्वाध्यायात आपण तो मुंगी-किड्यांपुरता घोकतो. मला तो या सहा तासांना लागू वाटतो. गोळी एकानं झाडली, पण प्रमाद कितीजणांचा?

कॅनडात हा प्रश्न नंतर पेटलाच. मॉन्स घेण्याच्या हौसेपायी शेवटच्या घटकेला माणसं फुकट घालवली, असा ठपका १९२७मध्ये एका वर्तमानपत्रानं सेनापती आर्थर करींवर ठेवला. करींनी बदनामीचा दावा लावला, पन्नास हजार डॉलर मागितले. १९२८मध्ये ते जिंकले; मिळाले पाचशे.

प्राइस मॉन्सजवळच्या सेंट सिंफोरियनच्या दफनभूमीत आहे. युद्धाच्या सुरुवातीला, ऑगस्ट १९१४मध्ये मारला गेलेला इंग्रज शिपाई जॉन पारही तिथेच. आणि शेजारी जर्मनसुद्धा.