खर्जाचे हौशी उपासक

संगीताचा इतिहास आपण बहुधा गायकांच्या आणि अग्रवादकांच्या चरित्रांतून वाचतों. मैफलींत ज्याच्याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात त्याचें नांव मागें राहतें; त्याच्या पाठीशीं बसून जो तीन-तीन तास तंबोऱ्याच्या तारा छेडीत असतो त्याचें नांव जाहिरातींतहि छापलें जात नाहीं. तथापि तंबोऱ्याचा खर्ज एकाएकीं उतरला म्हणजे गाण्याचें काय होतें, हें जाणत्या श्रोत्यास सांगावें लागत नाहीं. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतांत हें पायाचें काम गेल्या सत्तर वर्षांत मुख्यतः ज्या वाद्यानें केलें तें बेस गिटार होय. आमच्या महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून हें लांब दांडीचें, चार जाड तारांचें वाद्य आतां चांगलें परिचयाचें झालें आहे. तें वाजविणाऱ्या मुलाकडे मात्र अद्याप कोणी पाहत नाहीं. या उपेक्षित वाद्याचा इतिहास हा मोठ्या कलावंतांपेक्षां हौशी वादकांच्या अडचणींचा इतिहास अधिक आहे, असें मला वाटतें; आणि म्हणूनच तो सांगण्यासारखा आहे.

या कथेचा आरंभ प्रतिभेंत नसून हमालींत आहे. बेस गिटारच्या पूर्वीं हें काम डबल बेस नांवाचें वाद्य करीत असे. माणसाहून उंच असा हा लांकडी डोलारा. त्याची कंप पावणारी तारच सुमारें साडेतीन फूट लांब. तो आगगाडींत मावत नसे, मोटारींत बसत नसे, आणि पावसांत भिजला तर त्याचे सांधे उकलत. इतकें करून सभागृहांत नेला तरी १९३० नंतरच्या नृत्यवृंदांतील कर्ण्यांच्या व ढोलांच्या कल्लोळांत तो ऐकूं येण्याची मारामार! वाहून नेण्याचे कष्ट सर्वांहून अधिक आणि ऐकूं जाण्याचें भाग्य सर्वांहून कमी, अशी त्या वादकाची दुहेरी विटंबना होती.

यावर उपाय शोधणारे लोक निपजले नसते तरच नवल. अमेरिकेंत सिॲटल येथील पॉल टटमार्क या गृहस्थानें १९३६ च्या सुमारास आडवें धरून वाजवावयाचें, पडदे असलेलें, चार तारांचें एक विद्युत् वाद्य तयार केलें. परंतु काळ अनुकूल नव्हता आणि तें फारसें कोठें पोंचलें नाहीं. न्यूयॉर्ककडील एव्हरेट हल हा स्वतः डबल बेस वाजविणारा. त्यानें वाद्याला आधार देणाऱ्या खालच्या खुंटींतच मायक्रोफोन बसविण्याची युक्ति काढली. ‘ॲम्पेग’ हें त्याच्या कंपनीचें नांव त्या ‘आवाज वाढविलेल्या खुंटी’वरूनच पडलें आहे.

खरा पालट घडविला तो कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवच्या लिओ फेंडर यानें. हा मनुष्य शिक्षणानें हिशेबनीस, व्यवसायानें रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ सालीं त्यानें आपलें दुकान थाटलें. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दुकानांत दुरुस्तीसाठीं येणाऱ्या वादकांच्या तक्रारी तो ऐके आणि त्या तक्रारींतूनच त्याचीं वाद्यें जन्मास येत. १९५१ च्या अखेरीस त्यानें ‘प्रिसिजन बेस’ बाजारांत आणला. नांवांतच त्याचें रहस्य होतें. डबल बेसच्या दांडीवर पडदे नसतात; बोट केंसभर चुकलें कीं सूर चुकतो, आणि तें बोट नेमकें पडावयास वर्षानुवर्षांची साधना लागते. फेंडरनें पडदे बसविले, तारेची लांबी ३४ इंचांवर आणली, आणि पोकळ पेटीऐवजीं भरीव लांकडाची फळी घेतली. आतां साधा गिटारवादकहि चार दिवसांत बेसच्या जागीं उभा राहूं शके, आणि वाद्य पाठीवर टाकून बसगाडीनें जाऊं शके. लायोनेल हॅम्प्टनच्या वृंदांत मंक मॉन्टगोमेरी यानें तें लवकरच हातीं घेतलें, तेव्हां जाझच्या जाणकारांनाहि त्याची दखल घ्यावी लागली.

येथें एक शास्त्रीय अडचण मात्र उरलीच. बेसच्या सर्वांत खालच्या तारेचा सूर सेकंदाला सुमारें ४१ आंदोलनांचा आहे. इतका खालचा सूर मोठ्यानें ऐकवावयाचा तर पुष्कळ हवा हालवावी लागते. म्हणजे शक्तिमान् ॲम्प्लिफायर आणि मोठा स्पीकर हवा. फेंडरनें १९५२ सालीं ‘बेसमन’ नांवाचा ॲम्प्लिफायर काढला तो याच गरजेपोटीं. अशा रीतीनें वादकाच्या पाठीवरचें ओझें कमी झालें खरें. परंतु तें नाहीसें न होतां लांकडी खोक्यांत शिरून त्याच्या हातीं आलें! बेसवादकाची हमाली ही अशी चिरंजीव आहे.

आतां हौशी वादकांकडे वळूं. १९५६ सालीं इंग्लंडांत लॉनी डोनेगन याच्या ‘रॉक आयलंड लाइन’ या ध्वनिमुद्रिकेनें ‘स्किफल’ नांवाच्या संगीताची सांथच पसरविली. स्वस्तांतली एक गिटार, तालासाठीं कपडे घांसण्याची फळी, आणि खर्जासाठीं चहाचें खोकें, एवढ्या भांडवलावर शाळकरी पोरांचे वृंद गल्लोगल्लीं उभे राहिले. खोकें पालथें घालावयाचें, त्याच्या पाठीला मधोमध दोरी बांधावयाची, दोरीचें दुसरें टोंक केरसुणीच्या दांड्याच्या शेंड्याला, आणि दांडा खोक्याच्या कडेवर टेकवून मागें-पुढें ओढावयाचा. ताण वाढला कीं सूर चढतो, सैल पडला कीं उतरतो. हीं प्लायवुडचीं खोकीं हिंदुस्थान व सिलोन येथील मळ्यांतून चहा भरून विलायतेच्या बंदरांत उतरत असत. आसामच्या चहाच्या खोक्यानें लिव्हरपूलच्या पोरांना खर्ज पुरवावा, हा व्यापाराच्या इतिहासांतील एक गमतीचा योग म्हटला पाहिजे.

ही गरिबी केवळ खिशाची नव्हती. १९५१ पासून १९५९ पर्यंत ब्रिटनमध्यें अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. फेंडरचें वाद्य चित्रांत पाहावें आणि जर्मनींत झालेल्या वाद्यावर समाधान मानावें, अशी तेथील तरुणांची स्थिति होती. लिव्हरपूलच्या ‘क्वॉरीमेन’ या शाळकरी वृंदांतहि आरंभीं चहाच्या खोक्याचाच बेस होता. पुढें याच मुलांतून ‘बीटल्स’ निर्माण झाले. स्टुअर्ट सटक्लिफ हा त्यांचा चित्रकार मित्र. १९५९-६० च्या जॉन मूर्स प्रदर्शनांतील त्याचें एक चित्र ६५ पौंडांना विकलें गेलें, आणि त्या कमाईच्या जोरावर त्यानें मित्रांच्या आग्रहास्तव हॉफनर बनावटीचा बेस घेतला. त्याला वाजवितां येत नव्हतें. पण वृंदाला खर्ज हवा होता आणि त्या जागीं उभें राहण्यास दुसरें कोणीच राजी नव्हतें. १९६१ सालीं तो चित्रकलेसाठीं हॅम्बुर्गला राहिला तेव्हां ती जागा पॉल मॅकार्टनी याच्या गळ्यांत पडली. मॅकार्टनी डावखुरा, म्हणून दोन्ही बाजूंनीं सारखें दिसणारें, व्हायोलिनच्या आकाराचें एक हॉफनर वाद्य त्यानें हॅम्बुर्ग येथें सुमारें तीस पौंडांना विकत घेतलें. जी जागा कोणालाहि नको होती तींतूनच पुढें लोकप्रिय संगीतांतील अत्यंत सुरेल अशा खर्जाच्या ओळी निघाल्या. नको असलेलें काम मनापासून केलें म्हणजे तें कोठवर जातें, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आपल्याकडेहि या हौशीचा एक लहानसा अध्याय आहे. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या स्वरलिपि शिकविली जात असे. त्या शिक्षणावर तयार झालेल्या गोवेकर वादकांनीं मुंबईचीं नृत्यगृहें आणि चित्रपटांचे वाद्यवृंद सांभाळले. पुढें महाविद्यालयीन तरुणांनीं स्वतःचे वृंद काढले, आणि १९७० व १९७१ सालीं मुंबईंत भरलेल्या अखिल भारतीय ‘सिमला बीट’ स्पर्धेस निरनिराळ्या शहरांतून असे वृंद आले. एका सिगारेटच्या नांवानें चाललेल्या त्या स्पर्धेच्या ध्वनिमुद्रिका आज संग्राहक जपून ठेवतात. त्या काळीं परदेशी वाद्य मिळणें अत्यंत दुर्घट होतें. असलेलें वाद्य जपणें ही म्हणूनच त्या तरुणांची हौस नसून निकड होती.

आणि येथें आपण या विषयाच्या गाभ्याशीं येतों. मोठ्या कलावंताचीं वाद्यें सांभाळण्यास पगारी माणसें असतात; हौशी वादकाला तें सर्व स्वतःच करावें लागतें. बेसच्या चार तारा मिळून दांडीवर दीडशे पौंडांहून अधिक ताण असतो. हा ताण दांडीला धनुष्यासारखी वांकवूं पाहतो. त्याला तोंड देण्यासाठीं दांडीच्या पोटांत एक लोखंडी सळई घातलेली असते. पावसाळ्यांत लांकूड हवेंतील ओल पितें, उन्हाळ्यांत तें सुकतें. मग तारा पडद्यांवर खरखरूं लागतात किंवा नको तितक्या उंच होतात. अशा वेळीं ती सळई पाव आट्यानें फिरवावी आणि एक दिवस वाट पाहावी, हा जाणत्यांचा नियम आहे. उतावळ्या हातानें सळई मोडली तर दुरुस्तीचा खर्च कित्येकदां वाद्याच्या किंमतीएवढा होतो.

तारांच्या बाबतींत दोन पंथ आहेत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांना ज्यानें पाया दिला तो जेम्स जेमर्सन सपाट गुंडाळीच्या जाड तारा वापरी, आणि तुटल्याशिवाय बदलीत नसे. तारांवरच्या मळानें आवाजाला गोलाई येते अशी त्याची श्रद्धा होती. उलट ‘द हू’ या वृंदाच्या जॉन एन्टविस्लला पियानोसारखा झणझणीत नाद हवा होता. १९६६ सालीं त्याच्या सहाय्यानें रोटोसाउंडच्या जेम्स हाउ यानें गोल गुंडाळीच्या तारा तयार केल्या. या तारांचा तजेला घामानें लवकर जातो, म्हणून वाजविणें संपतांच त्या कोरड्या फडक्यानें पुसाव्या लागतात. पंथ कोणताहि असो, दोघांनाहि आपल्या तारेचें मन ठाऊक होतें, हें महत्त्वाचें.

ॲम्प्लिफायरचेहि कांहीं कुळाचार आहेत. साध्या गिटारच्या लहान पेटींतून बेस मोठ्यानें वाजवूं नये; स्पीकरचा कागदी पडदा फाटतो. जुन्या कांचेच्या व्हॉल्व्हचें यंत्र स्पीकर जोडल्यावांचून कधींहि चालवूं नये. त्यांतील ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो. तार गुंडाळतांना कोपरावर पिळून नव्हे तर तिच्या स्वाभाविक वळणानें गुंडाळावी. आणि जेथें विजेच्या जोडणीला भूमीची तार नसेल तेथें वाजवूंच नये. कारण तेथें प्रश्न आवाजाचा नसून प्राणाचा असतो.

राहतां राहिली राखण. मॅकार्टनीचें तें तीस पौंडांचें हॉफनर १९७२ सालीं लंडनमध्यें एका गाडींतून चोरीस गेलें. अर्ध्या शतकाहून अधिक काळ त्याचा पत्ता नव्हता. शोध घेणाऱ्यांच्या चिकाटीनें तें दक्षिण इंग्लंडमधील एका घराच्या पोटमाळ्यावर सांपडलें, आणि तें मालकाला परत मिळाल्याचें २०२४ च्या फेब्रुवारींत जाहीर झालें. जेमर्सनचें भाग्य इतकें नव्हतें. १९८३ सालीं त्याच्या मृत्यूच्या थोडे दिवस आधीं त्याचा आवडता प्रिसिजन बेस चोरीस गेला. रात्रीं कार्यक्रम आटोपल्यावर, हात थकलेले असतांहि, वाद्य आधीं घरांत आणावें आणि मग जेवावयास बसावें, हें शहाणपण जगभरच्या हौशी वृंदांना अशाच हकीकतींनीं शिकविलें आहे.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठीं? हौशी वृंद बहुधा बेताचेंच वाजवितो; आणि आज संगणक हवा तसा निर्दोष खर्ज क्षणांत पुरवितो, त्याच्या तारा गंजत नाहींत कीं दांडी वांकत नाहीं. आक्षेप खरा आहे. निर्दोष आवाज हेंच साध्य असेल तर हौशी वादकाचें प्रयोजन संपलें असें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. परंतु चार माणसांनीं एका खोलींत उभें राहून, एकमेकांचा श्वास ऐकत, एका तालावर येणें ही ऐकण्याची वस्तु नसून करण्याची आहे. यंत्र आपणांस संगीत देतें. सोबत देत नाहीं. चौघांतला एक जण दुसऱ्यांसाठीं खालीं राहतो, त्यांच्या चुका सांवरून घेतो आणि टाळ्यांची अपेक्षा करीत नाहीं, हें शिक्षण कोणत्याहि पदवी-परीक्षेच्या अभ्यासक्रमांत नाहीं. ‘हौशी’ हा शब्द आपण ‘कच्चा’ या अर्थानें वापरूं लागलों, हा आपल्या भाषेचा नव्हे, आपल्या वृत्तीचा संकोच आहे. ज्यांच्या घरीं असा एखादा मुलगा वा मुलगी सुटीच्या दिवशीं जमिनीवर बसून जाड तारा पुसत असेल, त्या आईबापांनीं अभ्यास बुडतो म्हणून लगेच कपाळाला आठी घालूं नये. जी वस्तु आपल्याला पैसा देत नाहीं तिची नीट निगा राखावयास तें मूल शिकत आहे. आणि घर काय, समाज काय, दोन्हीं शेवटीं अशाच निगेवर उभीं असतात.